मुठीच्या आतली जागा

पत्र्यावर कबुतरं चालतायत. त्यांच्या नखांची खरखर खाली शेडमध्ये स्पष्ट ऐकू येतेय, कारण आम्ही पाचही जण श्वास धरून उभे आहोत. मिटमिटा गावच्या पोरीनं तिचं पिस्तूल नळी आढ्याकडे करून सरळ उभं धरलंय आणि चापाला अर्ध्या किलोचं पितळी वजन अडकवलंय. मनगट जराही न हलवता ती हात वर नेते. वजन टेबलावरून सुटतं, बोटभर वर येतं आणि तिथेच लोंबत राहतं. चाप सुटत नाही.

"पास," सुभेदारकाका म्हणतात.

ती पुन्हा करते. पुन्हा पास. तिसऱ्यांदाही पास. मग ती पिस्तूल टेबलावर ठेवते, नळी रिकामी असल्याची खूण असलेली केशरी दोरी आत आहे ना हे बघते आणि आमच्याकडे वळून हसते. दहा मीटर एअर पिस्तुलाच्या स्पर्धेत चापाला किमान पाचशे ग्रॅमची ओढ लागते. त्याहून हलका चाप निघाला तर नेमबाजाला त्या पिस्तुलानं खेळता येत नाही. म्हणून बहुतेक जण चाप पाचशेच्या वर अगदी थोडा ठेवतात. हिनं तो पाचशे दहावर बसवलाय म्हणते. ते दहा ग्रॅम म्हणजे कोथिंबिरीच्या चार काड्या, पण तिच्या तर्जनीला ते कळतात.

पडेगावातलं हे शेड सुभेदारकाकांच्या घरामागे आहे. एके काळी इथे गुरं बांधायचे, आता लांबीला कसंबसं बारा मीटर भरणारी ही जागा दर रविवारी सकाळी आमची असते. पलीकडच्या भिंतीला जाड पत्र्याचा सापळा आहे. तो पत्रा काकांनी जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून आणला होता. सापळ्यापुढे सतरा सेंटिमीटरच्या चौकोनी कागदी चकत्या टांगतात, मध्य जमिनीपासून एक मीटर चाळीसवर. दाराबाहेरून नाशिकचा रस्ता वाहतोय. वेरूळकडे निघालेल्या बसगाड्या आहेत, दौलताबादच्या बाजूनं सीताफळांचे क्रेट घेऊन शहरात शिरणारे टेंपो आहेत. नोव्हेंबरचं ऊन अजून कोवळं आहे. दारात उभं राहून पश्चिमेला पाहिलं की धुक्यातून देवगिरीचा माथा वर आलेला दिसतो.

आज नेम कमी आणि बोलणं जास्त होणार हे मला आल्या आल्याच कळलं होतं. पोरीची पुढची स्पर्धा मावळणकर आहे. लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळणकर यांच्या नावाची ही स्पर्धा. 1951 साली देशातल्या नेमबाजांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली ती त्यांच्याच पुढाकारानं. स्पर्धा जवळ आली की सगळेच आपापली हत्यारं उघडून बसतात, पुसतात, दुसऱ्याच्या हातात देतात आणि आपलंच कसं बरं आहे ते सांगू लागतात. मला हा दिवस फार आवडतो.

तर टेबलावर चार पिस्तुलं आहेत. चारही नळ्या सापळ्याकडे, चारहींत केशरी दोऱ्या. एकही बंदुकीच्या दारूवर चालणारं नाही, सगळी हवेची. साडेचार मिलिमीटरचा छर्रा, वजन अर्ध्या ग्रॅमच्या आसपास, आणि 20 ज्यूलच्या आतली ताकद. म्हणून यांना शस्त्रपरवाना लागत नाही. पण काकांच्या शेडमध्ये नियम असा की खरं हत्यार समजूनच हाताळायचं. त्यावर इथे कोणी कधी वाद घातलेला नाही.

पोरीचं ऑस्ट्रियाचं स्टायर, जुनं घेतलेलं. वडील वाळूजला कंपनीत आहेत. नवं पिस्तूल दोन लाखांच्या घरात जातं, ते शक्य नव्हतं. पुण्याच्या एका मुलीनं खेळ सोडला तेव्हा तिचं हे इकडे आलं. मुठीच्या आत त्या मुलीच्या नावाचं पहिलं अक्षर पेन्सिलीनं लिहिलेलं आहे. ते हिनं पुसलेलं नाही.

"सांग, तुला याचं काय आवडतं?" मी विचारते.

"झटका येत नाही, मॅम." ती माझ्या शाळेत नाही, तरी मला मॅमच म्हणते. "आत एक छोटं वजन आहे. छर्रा सुटला की ते सरकतं, त्यामुळं समोरचं टोक उडत नाही. गोळी गेल्यावरही मला साइट दिसत राहते, मग कळतं ना चूक कुठं झाली ते."

मला हे उत्तर आवडतं. सोळा वर्षांची मुलगी पिस्तुलाचं कौतुक करताना सांगते की ते तिला तिची चूक दाखवतं. तिच्या खोलीत राही सरनोबतचा फोटो आहे. कोल्हापूरच्या राहीनं 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. त्याआधी कोणत्याही भारतीय महिला नेमबाजाला तिथे वैयक्तिक सुवर्ण मिळालं नव्हतं. ही पोर तेव्हा नऊ-दहा वर्षांची असेल.

बँकेतले सर आता पुढे सरसावतात. त्यांचं स्वित्झर्लंडचं मोरिनी. काळं, सडपातळ, आणि त्याचा चाप विजेवर चालतो. आत बारीक बॅटरी आहे. बोट दाबतं ते फक्त एक कळ दाबल्यासारखं. पुढचं काम विजेचं.

"बघा तरी," ते माझ्या हातात देतात. "कोरडं मारा."

मी दोरी काढते, सापळ्याकडे धरते, छर्रा न घालता चाप दाबते. काच फुटल्यासारखा स्वच्छ, कोरडा आवाज. बोटाला खरखर नाही, अडखळ नाही. आपण ठरवलं आणि झालं, यांच्यामध्ये काही उरलेलंच नाही असं वाटतं.

"दहा वर्षं झाली," सर सांगतात, "पहिल्या दिवशी जसा चाप होता तसाच आज आहे. झीज नाही, तेल नाही. सकाळी आठ ते संध्याकाळी सात मी लोकांच्या तक्रारी ऐकतो हो. इथं आलो की एक वस्तू अशी पाहिजे जी रोज सारखी वागते."

"आणि बॅटरी गेली की?" पोरगी.

"बदलायची."

"मॅचमध्ये गेली तर? टोकियोत मनू दीदीचं काय झालं?"

सर गप्प होतात. ते आम्हा सगळ्यांनाच आठवतं. जुलै 2021, ऑलिंपिकमध्ये पात्रता फेरी चालू असताना मनू भाकरच्या पिस्तुलात बिघाड झाला, दुरुस्तीत घड्याळ पळत राहिलं आणि अंतिम फेरी हुकली. साठ गोळ्यांना पंचाहत्तर मिनिटं मिळतात. त्यातली थोडी जरी गेली तरी उरलेल्या प्रत्येक गोळीला घाई चिकटते. मी तो दिवस टीव्हीसमोर काढला होता आणि माझ्याच हाताला घाम सुटला होता. 2024 ला पॅरिसमध्ये त्याच मनूनं दोन कांस्यपदकं घेतली, एक एकटीनं आणि एक सरबज्योत सिंगबरोबर.

"बिघाड कशातही होतो," सर अखेर म्हणतात. "माणूस परत उभा राहतो का, ते बघायचं."

"म्हणून मी दांड्याचं ठेवलंय," सुभेदारकाका म्हणतात आणि त्यांचं फाइनवेर्कबाऊ पुढे ओढतात.

हे आमच्यातलं सगळ्यात म्हातारं. जर्मन बनावटीचं पासष्ट नंबरचं मॉडेल. याला हवेची नळकांडी नाही, गेज नाही, बॅटरी नाही. बाजूचा दांडा मागे ओढायचा, आत स्प्रिंग चढते. मग चाप ओढला की नळीसकट वरचा सगळा भाग रुळावरून किंचित मागे सरकतो आणि धक्का तिथल्या तिथे जिरतो. प्रत्येक गोळीला एकदा दांडा. साठ गोळ्यांना साठदा. काकांचा उजवा दंड अजून तसाच का आहे याचं हेही एक कारण असावं.

"दांडा ओढताना काय होतं सांगू?" काका म्हणतात. "मागची गोळी डोक्यातून जाते. वाईट गेली असली तरी जाते. हात कामाला लागला ना की मन मोकळं होतं. तुमच्या नळकांड्यावाल्यांना तो वेळच नाही मिळत."

हे मला पटतं आणि टोचतंही. माझं पार्दिनी नळकांड्यावर चालतं. इटलीतल्या जांपिएरो पार्दिनी यांनी, म्हणजे स्वतः नेमबाज असलेल्या माणसानं काढलेला हा कारखाना. मला त्याची ओढ का वाटते याला तेच एक कारण पुरे आहे. पण आता माझ्या नळकांड्याची मुदत भरत आलीय. दोनशे बार दाबाची हवा भरायची तर त्या भांड्याला दहा वर्षांची मर्यादा असते आणि मुदत उलटलेलं नळकांडं घेऊन स्पर्धेला जाता येत नाही. काकांच्या दांड्याला मुदत नाही.

या सगळ्या बोलण्यात चाचा अजून आलेले नाहीत. म्हणजे ते इथेच आहेत, दाराजवळच्या उजेडात, मांडी घालून, पुढ्यात वर्तमानपत्र पसरून. पेशानं सुतार. छावणीच्या बाजूला त्यांचं दुकान आहे, चौकटी आणि पाट करतात. नेमबाजी त्यांनी आयुष्यात केलेली नाही. पण आमच्या चौघांच्या मुठी त्यांच्या हातून गेल्यात. मूठ म्हणजे पिस्तुलाचा लाकडी भाग, जो तळहातात बसतो. कारखान्यातून ती लहान, मध्यम, मोठी अशी येते. माणसाचा हात मात्र तीन मापांत येत नाही. म्हणून घासायचं, भरायचं, पुन्हा घासायचं. जगभरचे नेमबाज हेच करतात. मोरिनीच्या मुठी तर दुसऱ्या कंपन्यांच्या पिस्तुलांनाही लोक हौसेनं बसवत आलेत.

तीन वर्षांपूर्वी मी माझी मूठ स्वतःच कानशीनं घासली होती. अंगठ्याच्या खाली जास्त गेली. मग एमसील भरलं, तेही वाकडं वाळलं. त्या राखाडी डागासकट मी दोन मोसम खेळले. शेवटी चाचांकडे गेले. त्यांनी डाग बघितला, काही बोलले नाहीत, शिसवाचा एक जुना तुकडा काढला आणि म्हणाले, "हात दाखवा ताई."

आज ती नवी मूठ शेवटच्या घासणीला आलीय.

चाचा चौघांच्या जुन्या-नव्या मुठी वर्तमानपत्रावर ओळीनं मांडतात. "ही बघा," ते सरांची मूठ उचलतात. "इथं बोटांच्या मधली कड गुळगुळीत झाली. सर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकसारखं धरतात. ही बेटीची. हिचा खालचा भाग चकाकतो, म्हणजे हिला पिस्तूल खालून टेकू हवा असतो, वरून धरायला जात नाही. चांगलं आहे ते." मग माझी जुनी. ते अंगठा करंगळीच्या जागेवर फिरवतात. तिथलं लाकूड काळपट, घामानं खोल गेलेलं. "आणि ताई, तुम्ही घाबरलात की करंगळी आवळता."

मी काही बोलत नाही. वीस वर्षं फळ्यापुढे उभी आहे, करंगळीचं हे मला कोणी सांगितलं नव्हतं. करंगळी आवळली की पिस्तुलाचं नाक खाली झुकतं आणि गोळी घड्याळातल्या सहाच्या वाटेला जाते. माझ्या वाईट गोळ्या कायम तिकडेच जातात.

"सुभेदारसाहेब," चाचा हातातली मूठ खाली ठेवत विचारतात, "तुमच्या त्या दुसऱ्याची मूठ कशी आहे? ती कधी आणली नाही माझ्याकडं."

दुसरं म्हणजे काकांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर. पॉइंट बत्तीस, कानपूरच्या आयुध निर्माणीचं. ते इथे कधी येत नाही. घरात लोखंडी कपाटात कुलपात असतं. मला ते आहे हे माहीत आहे, पण पाहिलेलं नाही.

काका उत्तर द्यायला तोंड उघडतात आणि थांबतात. उजव्या हाताची मूठ हवेत अर्धी वळते, जणू त्यात काहीतरी आहे. मग उघडते.

"आठवत नाही रे," ते म्हणतात.

बाहेर एक टेंपो गिअर बदलत जातो.

"लाकडाची आहे का प्लास्टिकची, तेवढंसुद्धा आत्ता छातीठोक सांगता येईना. परवाना क्रमांक सांगतो पाठ. हत्याराचा नंबर सांगतो. किती काडतुसं नोंदलीत तेही. पण मूठ..." ते मान हलवतात. "चोरी झाली होती शेतावर, तेव्हा घेतलं. वर्षातून दोनदा काढून पुसतो. 2024 ला दोनदा ठाण्यात जमा केलं, एकदा लोकसभेला, एकदा विधानसभेला. आणताना पिशवीतून आणलं तेवढंच हातात आलं."

"आणि लष्करात?" सर विचारतात.

"तिथं नऊ मिलिमीटरचं. ईशापूरला बनलेलं, ब्राउनिंगच्या नकलेचं. तेरा गोळ्यांची मॅगझिन. सकाळी कोतमधून, म्हणजे शस्त्रागारातून, सही करून घ्यायचं, संध्याकाळी सही करून परत. माझ्या आधी दहा जणांनी धरलेलं, माझ्यानंतर वीस जण धरणार. ते चांगलं होतं, पण त्याचं काय आवडतं असं कधी कोणी विचारलं नाही आणि आम्हीही कधी विचार केला नाही. कामाचं होतं." ते फाइनवेर्कबाऊच्या दांड्यावर बोट ठेवतात. "हे अंधारात दिलं तरी सांगेन माझंच आहे."

माझ्या एका सहकारी बाईंनी मध्यंतरी मला आग्रह केला होता की बाईमाणसानं जवळ ठेवावं असं काहीतरी घे. निर्भीक नावाचं रिव्हॉल्व्हर आहे ना, खास स्त्रियांसाठी. आहे. दिल्लीच्या निर्भया प्रकरणानंतर 2014 साली कानपूरहून ते बाजारात आलं. टायटॅनियमच्या मिश्रधातूचं, अर्ध्या किलोच्या आसपास वजन, किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. मी त्यावर खूप विचार केला होता आणि नाही म्हटलं होतं. भीतीनं विकत घेतलेली वस्तू पर्समध्ये पडून राहते. तिला हात माहीत नसतो, आणि वेळ आली तर त्या हातात करंगळी कशी वागेल हे मला आज चाचांनी सांगितलंच आहे. मला पिस्तूल आवडतं हे मी कोणापुढेही मान्य करते. पण मला जे आवडतं ते दर रविवारी या शेडमध्ये शंभरदा उचलून शंभरदा खाली ठेवल्यानं आवडायला लागलंय.

"चला, दहा-दहा मारू," काका म्हणतात.

पोरगी पहिली. डावा हात खिशात, पायांत खांद्यांइतकं अंतर, शरीर तिरकं. या खेळात दुसऱ्या हाताचा आधार घेता येत नाही. ती नळी उघडते, छर्रा बसवते, बंद करते. हात चकतीच्या वरपर्यंत जातो, मग सावकाश खाली येतो आणि काळ्याच्या खालच्या कडेजवळ थांबतो. काळं वर्तुळ साडेएकोणसाठ मिलिमीटरचं. त्यातला दहाचा ठिपका साडेअकरा, शर्टाच्या बटणाएवढा. तिची नजर मात्र तिकडे नाही. नजर पिस्तुलाच्या टोकावरच्या काळ्या पात्यावर, चकती धूसर.

तीन सेकंद. पाच. सात.

ती हात खाली घेते. गोळी सुटलेली नाही.

कोणी काही बोलत नाही. ती डोळे मिटून दोन श्वास घेते, पुन्हा उचलते. पुन्हा थांबते. पुन्हा खाली. शेजारी उभे असलेले काका अगदी हळू मान हलवतात. हे शिकायला त्यांच्या म्हणण्याप्रमाणे दोन वर्षं लागतात, चाप ओढायला मात्र एक दुपार पुरते. हात पुरेसा स्थिर नाही असं वाटलं की खाली घ्यायचा. बोट अर्ध्यावर दाबलेलं असलं तरी, बघणारे बघत असले तरी, घड्याळ पळत असलं तरी.

तिसऱ्यांदा फट् असा बारीक आवाज येतो आणि पत्र्यावरची कबुतरं उडतात.

सर मारतात. एकसारख्या अंतरानं दहा आवाज, जणू कोणी पावती-पुस्तकावर शिक्के मारतंय. काका मारतात, त्यांच्या प्रत्येक गोळीआधी दांड्याचा करकर आवाज आणि मग शांतता.

माझी पाळी येते तेव्हा चाचा उठून जवळ येतात. शिसवाची मूठ त्यांनी पार्दिनीला बसवलीय, एकच स्क्रू. "खडू आणलाय ना?"

आणलाय. शाळेतलाच. मी तो तळहातावर चोळते, बोटांच्या पेरांवर, करंगळीला जरा जास्त. पांढरा हात मुठीत सरकवते. नवं लाकूड गार आहे. अंगठ्याखालची जागा भरलीय, जिथे तीन वर्षं खड्डा होता तिथे आता काहीतरी टेकतंय. खालची पट्टी तळहाताच्या कडेला येऊन मिळते. मी घट्ट धरत नाही, तरी ते हलत नाही. हात उघडला तर पडेल आणि मिटला तर राहील, यांच्यामध्ये कुठेतरी ते बसलंय.

दहा गोळ्या. दोनदा मी हात खाली घेते. तिसऱ्या गोळीनंतर मला करंगळीची आठवण राहत नाही, आणि सातव्या गोळीनंतर लक्षात येतं की ती राहिली नाही.

नळी रिकामी, दोरी आत, पिस्तूल टेबलावर. पोरगी चकती आणायला धावते. चाचा चकतीकडे बघतच नाहीत. ते पिस्तूल उचलून, नळी सापळ्याकडेच ठेवून, उजेडात येतात आणि मूठ चष्म्याजवळ धरतात. काळ्या शिसवावर खडूचे डाग पडलेत. तळहाताचा मोठा ढग, मधल्या दोन बोटांचे पट्टे, अंगठ्याचा फिकट ठसा. करंगळीच्या जागी पांढरं अगदी पुसट, बोट नुसतं टेकलं होतं तेवढं.

ते बराच वेळ बघतात. मग कानस वर्तमानपत्रात गुंडाळून पिशवीत ठेवतात.